डायलिसिसवरील रुग्ण : पाण्याचा ताळेबंद आणि रोहिण्यांचे आरोग्य

बुलढाणा जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी वसलेले मेहकर हे तालुक्याचे गाव शारंगधर बालाजीच्या मंदिरामुळे दूरवर परिचित आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण येथून साठ किलोमीटरहून अधिक दूर आहे. निरोगी माणसाला हे अंतर फारसे जाणवत नाही. परंतु ज्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि ज्याला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करून घ्यावे लागते, त्याच्या दृष्टीने मोठ्या रुग्णालयापर्यंतचे अंतर हा आयुष्यक्रमाचाच एक भाग बनतो. भल्या पहाटे गाव सोडावयाचे, चार तास यंत्राला जोडून पडून राहावयाचे आणि दिवेलागणीच्या सुमारास थकून घरी परतावयाचे. मध्ये एक दिवस जातो न जातो तोच पुन्हा तीच वाट. घाटावरच्या व घाटाखालच्या अनेक खेड्यांतील कुटुंबांना हा क्रम आता अपरिचित राहिलेला नाही.

एवढे कष्ट सोसल्यावर रुग्णाची व त्याच्या कुटुंबाची अशी समजूत होणे स्वाभाविक आहे की, उपचार यंत्राने केला, आता घरी काही करावयाचे उरले नाही. ही समजूत मात्र घातक आहे. आठवड्याचे तास १६८. त्यांपैकी यंत्राच्या वाट्याला येतात अवघे १२. उरलेले १५६ तास रुग्ण आपल्या घरी, शेतात, दुकानात किंवा शाळेत असतो. या १५६ तासांत त्याच्या पोटात किती मीठ व किती पाणी जाते, यावर त्याच्या रक्तवाहिन्यांचे व हृदयाचे भवितव्य बव्हंशी अवलंबून असते. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे विकार हे आहे, असा जगभरचा अनुभव आहे. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांचा नसून रुग्णाच्या घराचा आणि गावाचाही आहे.

मूत्रपिंडे काय करतात?

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेली मुठीएवढी दोन मूत्रपिंडे अहोरात्र काम करीत असतात. हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणाऱ्या सुमारे ५ लिटर रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व पाणी व उपयुक्त क्षार शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर मूत्र तेवढे बाहेर टाकले जाते. माणसाने पाणी अधिक प्यायले तर मूत्र वाढते, मीठ अधिक खाल्ले तर तेही बाहेर पडते. शरीराच्या पाण्याचा जमाखर्च असा क्षणोक्षणी जुळविला जात असल्याने निरोगी माणसाला त्याची दखलही घ्यावी लागत नाही.

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे हा जमाखर्च जुळविणारा कारकूनच नाहीसा होतो. जमा चालू राहते, खर्च मात्र थांबतो. पुष्कळशा रुग्णांना डायलिसिस सुरू झाल्यानंतर काही काळाने लघवी जवळजवळ होतच नाही. अशा वेळी घेतलेला प्रत्येक पेला, आमटीची प्रत्येक वाटी आणि चहाचा प्रत्येक कप शरीरातच साठून राहतो.

यंत्राचा शोध आणि त्याची मर्यादा

नेदरलँड्समधील डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कृत्रिम मूत्रपिंडाचे पहिले उपयुक्त यंत्र तयार केले. फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून त्यांनी रक्तातील दूषित द्रव्ये बाहेर काढून दाखविली. पुढे १९६० मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातावर कायमची नळी बसवून वारंवार डायलिसिस करणे शक्य केले. १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथील डॉक्टर ब्रेशिया, सिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हातातील रोहिणी व नीला यांना शस्त्रक्रियेने जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीच पद्धत आज ‘फिस्टुला’ या नावाने सर्वत्र वापरली जाते.

येथे दोन शब्दांचा खुलासा करणे इष्ट होईल. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणारी वाहिनी ती रोहिणी, जिला धमनी असेही म्हणतात. आणि शरीराकडून हृदयाकडे रक्त परत आणणारी ती नीला किंवा शीर. रोहिणीची भिंत जाड व लवचीक असते, नीलेची पातळ व मऊ असते.

डायलिसिसच्या यंत्रात रक्त एका पातळ पडद्याच्या एका बाजूने वाहते व दुसऱ्या बाजूने शुद्ध पाण्यात क्षार मिसळून केलेले द्रावण वाहते. मिनिटास ५०० मिलिलिटर या गतीने चार तासांत सुमारे १२० लिटर द्रावण रुग्णाच्या रक्ताच्या सान्निध्यात येते. त्यामुळे डायलिसिस केंद्रातील पाणी अत्यंत शुद्ध असावे लागते आणि क्षारयुक्त पाण्याच्या प्रदेशात या शुद्धीकरणाकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. यंत्र दूषित द्रव्ये काढते आणि साठलेले पाणीही खेचून घेते. परंतु जे काम मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास करीत होती, ते १२ तासांत उरकावयाचे असल्याने यंत्राला घाई करावी लागते. या घाईचा भार रुग्णाच्या हृदयावर व रोहिण्यांवर पडतो.

कोरडे वजन म्हणजे काय?

डायलिसिस केंद्रात रुग्णाचे वजन उपचारापूर्वी व उपचारानंतर घेतले जाते. अंगावर सूज नाही, दम लागत नाही, रक्तदाब ताब्यात आहे आणि शरीरात जादा पाणी नाही, अशा अवस्थेतील वजनास ‘कोरडे वजन’ म्हणतात. दोन डायलिसिसच्या दरम्यान वाढलेले वजन हे मांस वा चरबीचे नसून जवळजवळ सर्वस्वी पाण्याचे असते. १ किलो वाढ म्हणजे १ लिटर पाणी, असा हा सरळ हिशेब आहे.

उदाहरणादाखल ज्याचे कोरडे वजन ५५ किलो आहे असा एक रुग्ण घेऊ. दोन डायलिसिसच्या दरम्यान वजनातील वाढ कोरड्या वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास राहावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे या रुग्णाच्या बाबतीत सुमारे सव्वादोन किलो. यंत्राने पाणी किती वेगाने काढावे यालाही मर्यादा आहे. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे तासाला १३ मिलिलिटरपेक्षा अधिक वेगाने पाणी काढले गेलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचे अमेरिकेतील अभ्यासांत आढळून आले आहे. या हिशेबाने ५५ किलोच्या रुग्णाचे चार तासांत फार तर २ लिटर ८६० मिलिलिटर पाणी काढता येईल. तोच रुग्ण साडेचार किलो वाढवून आला तर हाच वेग २० च्या वर जातो.

अशा वेळी काय घडते? यंत्र पाणी काढते ते रक्तातून. ऊतींमध्ये मुरलेले पाणी रक्तात परत येण्यास वेळ लागतो. काढण्याचा वेग भरून येण्याच्या वेगाहून अधिक झाला की रक्तदाब एकाएकी कोसळतो, पायांत गोळे येतात, उलट्या होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हृदयाच्या स्नायूला पुरेसे रक्त न मिळाल्याने त्याचा काही भाग तात्पुरता बधिर होतो, असे इंग्लंडमधील संशोधकांनी हृदयाच्या ध्वनिलहरी-तपासणीने दाखवून दिले आहे. असे आठवड्यामागून आठवडे घडत राहिले तर हृदय कायमचे दुबळे होते. एकीकडे पाणी साठल्याने हृदयावर ताण आणि दुसरीकडे ते घाईने काढल्याने हृदयाची उपासमार, अशा दुहेरी संकटात रुग्ण सापडतो.

आठवड्यातून तीन डायलिसिस असलेल्या रुग्णाच्या वाट्याला एक अंतर लांब येते. सोमवार, बुधवार व शुक्रवार अशी पाळी असेल तर शुक्रवारनंतर थेट सोमवार. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात या लांब अंतरानंतरच्या दिवशी मृत्यूचे व रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा अधिक आढळले. आठवड्यातील नेमक्या याच दोन दिवसांत पथ्य अधिक काटेकोर असावे लागते. डायलिसिसची एक पाळी चुकविणे म्हणजे हे लांब अंतर आणखी लांबविणे होय, ही गोष्ट सुगीच्या वा लग्नसराईच्या दिवसांत विशेषत्वाने ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मूळ दोष पाण्याचा नव्हे, मिठाचा

रुग्णाला ‘पाणी कमी प्या’ एवढेच सांगितले जाते. बिचारा रुग्ण दिवसभर घसा कोरडा ठेवून बसतो आणि रात्री असह्य होऊन तांब्याभर पाणी पितो. घरचे त्याला दोष देतात, केंद्रातील कर्मचारी रागावतात आणि तो अपराधी मनाने मान खाली घालतो. वस्तुतः दोष त्याच्या मनोनिग्रहाचा नसतो. मीठ पोटात गेले की रक्तातील क्षारांचे प्रमाण किंचित वाढते आणि मेंदूतील तहानेचे केंद्र ताबडतोब जागे होते. मिठाचे प्रमाण पूर्ववत होईपर्यंत ती तहान शमत नाही. मीठ खाऊन पाणी टाळणे हे माणसाच्या स्वभावाला जवळजवळ अशक्य आहे.

याचाही हिशेब मांडता येतो. शरीरातील द्रवात मिठाचे प्रमाण लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम इतके असते. म्हणजे लघवी न होणाऱ्या रुग्णाने ९ ग्रॅम मीठ खाल्ले की ते सुमारे १ लिटर पाणी धरून ठेवणार. रोज १० ग्रॅम मीठ खाणाऱ्या रुग्णाच्या शरीरात दोन दिवसांत २० ग्रॅम मीठ आणि त्यासोबत २ लिटरहून अधिक पाणी साठते. तेच मीठ रोज ५ ग्रॅमवर, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याच्या आत आणले, तर ही वाढ निम्म्यावर येते आणि तीही फारशी तहान न सोसता. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढांसाठीसुद्धा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाचीच शिफारस केली आहे.

हे ५ ग्रॅम मीठ खेड्यातील ताटात कसे ओलांडले जाते ते पाहण्यासारखे आहे. भाकरीबरोबर ठेचा, तोंडी लावावयास लोणचे, वर पापड, उन्हाळ्यात तळलेल्या कुरडया व सांडगी मिरची, दुपारी मीठ घातलेले ताक, संध्याकाळी दुकानातील शेव-चिवडा किंवा बिस्किटे. यांतील प्रत्येक पदार्थात मीठ दडलेले असते. उपवासाच्या दिवशी सैंधव चालते, अशी समजूत आहे. परंतु सैंधव हेही मीठच होय. याउलट ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या प्रकारांत बहुधा पोटॅशियम घातलेले असते. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम वाढले तर हृदय अकस्मात बंद पडू शकते. म्हणून असे मीठ त्याने कटाक्षाने टाळावे. शहाळ्याचे पाणी, केळी, आमरस व उपवासाचे बटाटे यांतही पोटॅशियम भरपूर असते. आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून प्रेमाने आणलेले शहाळे या रुग्णाला अपायकारक ठरू शकते.

चव मिठाशिवायही आणता येते. लिंबू, चिंच, आले, लसूण, जिरे, कोथिंबीर व ओली मिरची यांचा माफक उपयोग करून केलेले जेवण दोन-तीन आठवड्यांत अंगवळणी पडते. घरातील एकाच माणसासाठी वेगळा स्वयंपाक करण्याऐवजी सर्वांच्याच भाजीत मीठ कमी करून ज्याला हवे त्याने वरून घ्यावे, ही पद्धत गृहिणीला सोयीची आणि इतरांच्या रक्तदाबालाही हिताची आहे.

पाण्याचे माप

मीठ आवरल्यानंतर पाण्याचे माप सांभाळणे सोपे जाते. दिवसाला किती द्रव घ्यावा हे प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर ठरवितात. चोवीस तासांत होणारी लघवी अधिक सुमारे अर्धा लिटर, हा त्याचा सर्वसाधारण आधार असतो. यात केवळ पिण्याचे पाणी नव्हे, तर चहा, दूध, ताक, वरण, आमटी, कढी आणि औषधाच्या गोळीबरोबरचे पाणीही मोजावयाचे असते.

यासाठी एक साधी युक्ती उपयोगी पडते. दिवसभराच्या परवानगीइतके पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवावे. चहा घेतला की तेवढे पाणी बाटलीतून ओतून टाकावे, आमटी घेतली की तेवढे कमी करावे. बाटलीत उरलेले पाणी म्हणजे दिवसाची शिल्लक. मोठ्या पेल्याऐवजी लहान पेला वापरणे, पाण्याने चूळ भरून टाकणे, लिंबाची फोड चोखणे, गोळ्या जेवणाच्या वेळीच घेणे, यांनीही तहान आवरते. मधुमेही रुग्णाची साखर वाढलेली असेल तर तहान कशानेच आवरत नाही. तेथे साखर ताब्यात आणणे हाच उपाय. विदर्भातील कडक उन्हाळ्यात घामावाटे काही पाणी जाते हे खरे. परंतु त्यासाठी माप किती वाढवावे हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून ते वहीत मांडून ठेवणे हे सर्वांत चांगले.

आपल्याकडे पाहुण्याला चहा न देता जाऊ देणे हे अशिष्टपणाचे समजले जाते. रुग्ण चार घरी गेला की ‘अर्धा कप तरी घ्या’ हा आग्रह चार वेळा होतो आणि दोन कप द्रव नकळत शरीरात जातो. या रुग्णाच्या बाबतीत आग्रह न करणे हाच खरा पाहुणचार होय.

रोहिण्या कठीण का होतात?

मीठ व पाणी यांचा रोहिण्यांशी संबंध काय, हे फवारणीच्या पंपाच्या उदाहरणाने शेतकऱ्याला सहज उमजेल. पंपाचा दांडा थांबून थांबून हलविला तरी तुषार अखंड उडतात. कारण पंपातील हवेची कोठी प्रत्येक दाबाची शक्ती साठवून ठेवते व हळूहळू सोडते. हृदयही थांबून थांबून रक्त ढकलते. त्याच्यालगतची महारोहिणी व तिच्या मोठ्या शाखा लवचीक असल्याने प्रत्येक ठोक्याबरोबर फुगतात व मग आकसून रक्त पुढे सरकवितात. त्यामुळे सूक्ष्म वाहिन्यांपर्यंत रक्ताचा प्रवाह अखंड राहतो आणि हृदयाचे श्रम वाचतात.

शरीरात जादा पाणी साठले की रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो. भिंतींवर रात्रंदिवस ताण पडतो आणि तो सोसण्यासाठी त्या जाड व ताठर होतात. लवचीक रबरी नळाच्या जागी लोखंडी नळ बसावा तसे होते. मग रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो, हृदयाला प्रत्येक ठोक्यास अधिक जोर लावावा लागतो व त्याची डावी भिंत जाड होते. खालचा दाब कमी झाल्याने हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांना मिळणारे रक्तही घटते.

पॅरिसमधील संशोधकांनी १९९९ मध्ये डायलिसिसवरील २४१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची महारोहिणी अधिक ताठर होती, त्यांचे आयुर्मान कमी ठरले. २००१ मध्ये त्यांनीच १५० रुग्णांच्या अभ्यासातून पुढची गोष्ट दाखविली : रक्तदाब उतरविल्यावर ज्यांच्या रोहिण्यांचा ताठरपणा कमी झाला, ते अधिक जगले, ज्यांचा झाला नाही, त्यांचे भवितव्य वाईट राहिले. ताठरपणा मागे वळविता येण्याच्या अवस्थेत असतानाच उपाय केला पाहिजे, हा याचा मथितार्थ आहे.

उपाय केल्यास फळ मिळते, यालाही पुरावा आहे. फ्रान्समधील तासँ येथे आठवड्यातून तीन वेळा आठ-आठ तासांचे सावकाश डायलिसिस आणि कमी मिठाचा आहार यांचा अवलंब करण्यात आला. तेथील बहुसंख्य रुग्णांना रक्तदाबाच्या गोळ्यांची गरजच उरली नाही. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५० रुग्णांच्या प्रयोगात कोरडे वजन सुमारे १ किलोने उतरविताच वरचा रक्तदाब ६ ते ७ मिलिमीटरने खाली आला. मात्र पाणी उतरल्यानंतर रक्तदाब पूर्णपणे स्थिरावण्यास काही आठवडे, क्वचित काही महिने लागतात. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून पथ्य सोडणे इष्ट नव्हे.

रोहिणीत चुना साठतो तेव्हा

रोहिणीचा दुसरा शत्रू फॉस्फरस हा होय. जर्मन शास्त्रज्ञ मोंकबर्ग यांनी १९०३ मध्ये रोहिणीच्या मधल्या थरात चुन्याचे क्षार साठत असल्याचे वर्णन केले. मूत्रपिंडाच्या रुग्णांत हा प्रकार तरुण वयातही आढळतो. रक्तात फॉस्फरस वाढला की रोहिणीच्या भिंतीतील स्नायुपेशी आपला धर्म सोडून हाडाच्या पेशींसारखे वागू लागतात, असे आता सिद्ध झाले आहे.

रोज सुमारे १००० मिलिग्रॅम फॉस्फरस आहारातून येतो. त्यातील ६० टक्के शोषला गेला तर आठवड्याची जमा सुमारे ४२०० मिलिग्रॅम होते. एका डायलिसिसमध्ये सुमारे ८०० मिलिग्रॅम, म्हणजे तीन वेळांत २४०० मिलिग्रॅमच्या आसपास बाहेर पडतो. उरलेला साठा अडविण्यासाठी डॉक्टर फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या देतात. त्या जेवणाबरोबरच घ्यावयाच्या असतात. रिकाम्या पोटी घेतल्यास त्यांचे मुख्य काम होत नाही.

फॉस्फरसच्या भीतीने डाळ, अंडी वा दूध अजिबात बंद करणे हेही चूक आहे. डायलिसिसवरील रुग्णाला प्रथिनांची गरज अधिक असते. डाळी व धान्ये यांतील फॉस्फरस शरीरात कमी शोषला जातो. शीतपेये आणि वेष्टनातील तयार पदार्थ यांत टिकाऊपणासाठी घातलेला मात्र जवळजवळ सर्व शोषला जातो. तेव्हा घरचे वरण मापाने ठेवून दुकानातील पाकिटे प्रथम बंद करावीत. तंबाखू व विडी-सिगारेट यांचा त्याग हा तर रोहिण्यांच्या रक्षणाचा सर्वमान्य उपाय आहे.

हातातील जीवनरेखा

फिस्टुला असलेला हात ही रुग्णाची जीवनरेखा होय. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, सुई टोचू नये, रक्त काढू नये. त्यावर घट्ट बांगड्या वा घड्याळ घालू नये, तो उशाखाली घेऊन झोपू नये आणि त्याने जड ओझे उचलू नये. रोज सकाळी दुसऱ्या हाताची बोटे त्यावर ठेवली असता सूक्ष्म थरथर जाणवली पाहिजे. ती थांबली तर क्षणाचाही विलंब न लावता केंद्र गाठावे. रक्तदाब फार कोसळल्यानेही फिस्टुला बंद पडतो. म्हणजे पाण्याचा ताळेबंद बिघडला की हीही वाहिनी धोक्यात येते.

येथेच खेड्यातील एका रूढ प्रथेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. अंगात थकवा आला की ‘सलाईन लावून घेणे’ हा सर्रास उपाय समजला जातो. सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. म्हणजे रुग्णाचे जवळजवळ दिवसभराचे मीठ व अर्धा लिटर पाणी एका तासात थेट रक्तात जाते. डायलिसिसच्या रुग्णाला केंद्रातील डॉक्टरांना विचारल्याविना सलाईन देणे जिवावर बेतू शकते. तसेच ज्यांची मूत्रपिंडे दुबळी होत चालली आहेत, पण ज्यांना अद्याप डायलिसिस लागलेले नाही, त्यांच्या दंडाच्या व मनगटाच्या शिरा वारंवार सुया टोचून खराब झाल्या तर पुढे फिस्टुला करण्यास शीरच उरत नाही. अशा रुग्णाला सुई टोचावयाचीच झाली तर ती शक्यतो तळहाताच्या मागील बाजूस टोचावी.

गावाची जबाबदारी

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तेथील भूजलातील क्षार आणि संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील मूत्रपिंडाचे रुग्ण यांची चर्चा वृत्तपत्रांतून वारंवार झाली आहे. अशा गावांतील डायलिसिसच्या रुग्णाला तर खारे पाणी दुहेरी बाधते : ते मीठही देते आणि तहानही वाढविते. त्याच्या घरी गोडे पाणी पोहोचते की नाही, हे पाहणे ग्रामपंचायतीचे पहिले काम ठरावे. घाटावरच्या मेहकरकडे जमिनीचा प्रकार निराळा असला, तरी ताटातील मीठ दोन्हीकडे सारखेच आहे.

शासनाने या रुग्णांसाठी काही तरतुदी केल्या आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमान्वये जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिसची सोय उभारण्यात आली. २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या राज्याच्या योजनेतही डायलिसिसचा अंतर्भाव आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या प्रवासभाड्यात या रुग्णांना सवलत मिळते. केंद्रापासून फार दूर राहणाऱ्यांना पोटातील पडद्याच्या साहाय्याने घरीच करता येणाऱ्या डायलिसिसचा पर्यायही डॉक्टरांकडे विचारता येतो. राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश २०१९ मध्ये करण्यात आला. या तरतुदींची माहिती आणि त्यांसाठी लागणारी कागदपत्रे रुग्णाच्या हाती वेळेवर पडावीत, हे काम ग्रामसेवक, तलाठी व पंचायत सदस्य सहज करू शकतात.

याहून अधिक मोलाचे काम पैशाशिवाय होण्याजोगे आहे. गावातील डायलिसिसच्या रुग्णांची नोंद आरोग्य उपकेंद्रात असावी. पूर आला, रस्ता बंद झाला वा बस चुकली, तर पाळी चुकू नये म्हणून वाहनाची व्यवस्था कोणी करावयाची हे ग्रामसभेत आधीच ठरलेले असावे. आशा स्वयंसेविकेने आठवड्यातून एकदा वजनाची वही पाहावी. रात्री आडवे पडताच दम लागणे, उठून बसावे लागणे, चेहऱ्यावर व पायांवर सूज चढणे, एकाएकी हातापायांतील बळ जाणे, ही लक्षणे दिसताच पुढच्या पाळीची वाट न पाहता रुग्णाला रुग्णालयात हलविले पाहिजे, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक असावे.

शिक्षकांना याहून लांबचा पल्ला गाठता येईल. मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन मोठी कारणे म्हणजे मधुमेह व उच्च रक्तदाब. दोन्ही विकार वर्षानुवर्षे गुपचूप राहतात व दोन्हींची तपासणी आरोग्य उपकेंद्रात होऊ शकते. तीस वर्षांवरील प्रत्येकाने रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, अंगदुखीच्या गोळ्या मनानेच दीर्घकाळ घेऊ नयेत आणि मीठ बेताने खावे, हा धडा विद्यार्थ्यांमार्फत घरोघर पोहोचला तर उद्याच्या कित्येक रुग्णांचा डायलिसिसचा प्रवास टळेल.

डायलिसिस म्हणजे आयुष्याचा शेवट नव्हे. ज्यांचे वजन मापात राहते, ज्यांचा रक्तदाब ताब्यात असतो आणि ज्यांच्या रोहिण्या लवचीक राहतात, असे रुग्ण वर्षानुवर्षे आपला संसार व व्यवसाय सांभाळतात. मूत्रपिंडाच्या रोपणाची संधी आली तर तिलाही त्यांचे शरीर अधिक समर्थपणे सामोरे जाते. यंत्राचे १२ तास शासनाने व डॉक्टरांनी सांभाळावयाचे आहेत. उरलेले १५६ तास मात्र ज्या घरात मिठाचा डबा आहे आणि ज्या ओट्यावर चहाचा आग्रह होतो, तेथेच सांभाळले जावयाचे आहेत.